साठच्या दशकातल्या स्पोर्ट्स कारची भुरळ अजून का उतरत नाही?

चाकणच्या कारखान्यातून बाहेर पडणारी महिंद्राची बीई ६ ही विजेवरची गाडी उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६.७ सेकंदांत गाठते, असं कंपनी सांगते. १९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइपला ताशी ६० मैल, म्हणजे ९६ किलोमीटर, गाठायला जवळपास ७ सेकंद लागायचे. बीई ६ हे करते तेव्हा मागच्या सीटवर मुलं पेंगत असू शकतात आणि एसी चालू असतो. ई-टाइपमध्ये दोनच माणसं मावतात, इंजिनाची धग पायाला लागते आणि पावसात काचेच्या कडेने पाणी आत येण्याची शक्यता असते. तरीही जगभरातले शहाणेसुरते लोक तिच्यासाठी पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटची किंमत मोजायला तयार असतात. का?

आठवणींचा खेळ, असं एक सोपं उत्तर मिळतं. पोरवयात ज्या गाडीकडे नुसतं बघत राहिलो ती हातात पैसा आल्यावर, पन्नाशीत घेतली. यात तथ्य आहे, पण त्याने पुरतं भागत नाही. ई-टाइपचं उत्पादन १९७४ साली थांबलं. त्यानंतर वीस वर्षांनी जन्मलेली पोरंही ती समोरून गेली की मान वळवून बघतात, आणि त्यांच्यापाशी तिची कसलीच आठवण नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. या गाड्या ज्या काळात जमून आल्या तो फार थोडा होता. वेगाने पळायला आणि पळता पळता थांबायला जे तंत्र लागतं ते तयार झालं होतं, आणि गाडी कशी असावी हे ठरवणारे सरकारी नियम अजून यायचे होते. साधारण १९६१ ते १९६७, जेमतेम सहा-सात वर्षं. त्या अवधीत ज्या गाड्या निघाल्या तशा पुढे पैसा आणि इच्छा असूनही कुणाला करता आल्या नाहीत. हे समजून घ्यायला एकच गाडी धरून चालू. ई-टाइप त्याला बरी, कारण त्या काळाचं चांगलं-वाईट सगळं तिच्यात आहे. शिवाय २००८ पासून जॅग्वार टाटांकडे आहे, तेव्हा मुंबईच्या दृष्टीने ती आता तितकी परकी राहिलेली नाही.

आधी थांबता यायला हवं

वेगाची गोष्ट इंजिनापासून सांगायची पद्धत आहे. मी ब्रेकपासून सांगतो.

पन्नासच्या दशकापर्यंत बहुतेक गाड्यांना ड्रम ब्रेक असत. चाकाबरोबर फिरणारा एक बंद डबा आणि त्याला आतून घासणारे ब्रेक शू. एकदा-दोनदा ब्रेक मारला तर काही नाही. घाट उतरताना सारखा मारावा लागला की ड्रम तापतो, आतली उष्णता बाहेर जायला वाट नसते, आणि पेडल पार खाली दाबलं तरी गाडी ऐकत नाही. डिस्क ब्रेकमध्ये चाकामागे एक उघडी तबकडी फिरते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. वारा थेट तबकडीला लागतो, त्यामुळे ती लवकर निवते. विमानांना असे ब्रेक आधीपासून होते. डनलॉप कंपनीबरोबर खटपट करून जॅग्वारने ते शर्यतीच्या गाडीवर आणले आणि १९५३ साली फ्रान्समधली ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. लांब सरळ रस्त्याच्या शेवटी बाकीचे चालक जिथे ब्रेकवर पाय ठेवत त्याच्या बरंच पुढे जाऊन जॅग्वारवाले ठेवत, आणि तेही तासामागून तास.

आठ वर्षांनी आलेल्या ई-टाइपच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. मागची दोन्ही चाकं एका कडक आडव्या ॲक्सलने जखडलेली नव्हती, ती आपापली वर-खाली होत. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजवं सरळ राहायचं. त्या काळच्या कितीतरी महागड्या गाड्यांना हे जमलेलं नव्हतं.

इंजिन मात्र जुनंच होतं, आणि त्याची जन्मकथा मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात कॉव्हेंट्री शहरावर जर्मन विमानं बॉम्ब टाकत. कारखान्याला आग लागली तर विझवायला माणसं हवीत, म्हणून रात्रपाळीने पहारा असे. कंपनीचे मालक विल्यम लायन्स यांनी विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली या आपल्या इंजिनिअरांना मुद्दाम एकाच रात्रीचा पहारा दिला. करायला दुसरं काही नाही, झोपायची सोय नाही. युद्ध संपल्यावर आपलं इंजिन कसं असावं याचा काथ्याकूट त्या रात्रींमध्ये झाला. त्यातून निघालेलं एक्सके इंजिन १९४८ साली लोकांसमोर आलं आणि या ना त्या गाडीत १९९२ पर्यंत बसत राहिलं.

त्यात विशेष काय होतं? इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह असतात. ते उघडायचं काम कॅमशाफ्ट करतो. साध्या गाड्यांत हा कॅमशाफ्ट खाली इंजिनाच्या पोटात असे आणि तिथून लांब सळया वरचे व्हॉल्व्ह ढकलत. इंजिन जोरात फिरू लागलं की या सळयांचं वजन आडवं येतं. एक्सकेमध्ये दोन कॅमशाफ्ट व्हॉल्व्हच्या डोक्यावरच बसवले होते, म्हणजे मधली सळयांची दलाली बंद. शर्यतीच्या आणि अतिश्रीमंतांच्या गाड्यांत ही रचना दिसे. जॅग्वारने ती डॉक्टर-वकिलांच्या गाड्यांत आणली.

ई-टाइपमध्ये हे इंजिन ३.८ लिटरचं होतं. सहा सिलिंडर, तीन एसयू कार्ब्युरेटर, आणि कागदावर २६५ हॉर्सपॉवर. ‘कागदावर’ म्हणायचं कारण, त्या वेळी इंजिन गाडीबाहेर ठेवून, पंखा-सायलेन्सरचा भार न लावता ताकद मोजायची रीत होती. गाडीत बसवल्यावर आकडा बराच खाली यायचा. ताशी १५० मैलांची, म्हणजे २४० किलोमीटरची, गाजलेली जाहिरातही त्यातलीच. मासिकांना चाचणीसाठी दिलेल्या गाड्या कारखान्याने निगुतीने तयार केलेल्या होत्या, गिऱ्हाइकाची गाडी सहसा तेवढी पळत नसे. पण किंमत बघा. ब्रिटनमध्ये करासकट उघडी ई-टाइप सुमारे २१०० पौंडांना मिळे, आणि तिच्या जवळपास पळणारी ॲस्टन मार्टिन डीबी ४ साधारण दुप्पट पैशांना.

१५ मार्च १९६१ रोजी जिनिव्हात ही गाडी पत्रकारांना दाखवली तेव्हा चक्कर मारायला एवढी रांग लागली की एक गाडी पुरेना. लायन्स यांनी कॉव्हेंट्रीला फोन केला, आणि नॉर्मन ड्युइस हा कंपनीचा चाचणी-चालक दुसरी गाडी घेऊन रातोरात निघाला. इंग्लंड ओलांडून, बोटीने फ्रान्समध्ये उतरून, सकाळी तो जिनिव्हात हजर. आल्या आल्या लोकांना फिरवून आणायच्या कामाला लागला. तेव्हाच्या रस्त्यांवर नव्याकोऱ्या मॉडेलची गाडी अशी रात्रभर पळवायची आणि सकाळी पुन्हा कामाला लावायची, यापेक्षा चांगली जाहिरात मिळणार नव्हती.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. लंडनहून उत्तरेला जाणारा एम १ महामार्ग १९५९ साली खुला झाला तेव्हा त्यावर वेगमर्यादाच नव्हती. ताशी ७० मैलांची मर्यादा डिसेंबर १९६५ मध्ये, आधी तात्पुरती म्हणून, आली. म्हणजे सुरुवातीची चार वर्षं ई-टाइपवाला माणूस कायदा न मोडता तिचा काटा शेवटपर्यंत नेऊ शकत होता. आज दोनशेच्या पुढे पळणाऱ्या गाड्या गल्लोगल्ली दिसतात, पण तो आकडा बहुतेकांच्या मीटरवर नुसता छापलेलाच राहतो.

लॉग टेबलातून निघालेला पत्रा

गाडीचा आकार माल्कम सेअर यांचा. आधी ब्रिस्टल विमान कंपनीत काम केलेले हे गृहस्थ पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला जॅग्वारमध्ये आले. कुणी स्टायलिस्ट म्हटलेलं त्यांना खपत नसे. आपण हवेच्या प्रवाहाचा हिशेब करणारे इंजिनिअर आहोत, असं त्यांचं म्हणणं.

एरवी गाडीचा आकार ठरवायचा तर कलाकार चित्रं काढतात, मग मातीचं मॉडेल करून हाताने खरवडतात. सेअर आकडेमोड करत. गाडीच्या लांबीवर ठरावीक अंतराने छेद घ्यायचे, प्रत्येक छेदावर पत्रा मधल्या रेषेपासून किती लांब आणि जमिनीपासून किती उंच हे सूत्राने काढायचं, आणि तसे शेकडो आकडे मांडत जायचं. कॉम्प्युटर नव्हता. स्लाइड रूल आणि लॉग टेबल एवढंच हत्यार. बारावीला विज्ञान शाखेत लॉग टेबलं चाळत बसलेल्यांना या कामाचा कंटाळवाणेपणा लगेच कळेल. याच पद्धतीने केलेल्या डी-टाइपने १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं ल माँ जिंकली होती. ई-टाइप तिचीच लेक.

आता हा आकार डोळ्याला का धरून ठेवतो, हे सांगणं वाटतं तितकं अवघड नाही. त्यावर कुठेही सपाट तुकडा नाही आणि कुठेही गोलाई एकदम बदलत नाही. नजर पुढून मागे घसरत जाते, तिला मध्ये ठेच लागत नाही. आणि जे दिसतं त्याला बहुतेक ठिकाणी कारण आहे. बॉनेट लांब, कारण सहा सिलिंडर एका ओळीत आहेत. बॉनेटवर मध्ये फुगवटा, कारण ते इंजिन उंच आहे आणि बाकीचं नाक तर खाली हवं होतं. पुढचं तोंड लहान, कारण जास्त हवा आत घेतली की गाडीला अडथळा होतो. (याचा दुसरा अर्थ असा की ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की गाडी तापते. सौंदर्याची किंमत रेडिएटरने मोजायची.) न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९६ साली एक निळी ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, ती या सगळ्या हिशेबासकट.

त्याच दशकात इटलीत नेमका उलटा रस्ता धरून तितकंच मोठं काम झालं. लॅम्बोर्गिनीची मिउरा १९६६ साली जिनिव्हात आली तेव्हा बर्टोने कंपनीतला तिचा डिझायनर मार्चेल्लो गांदिनी २७ वर्षांचा होता. १२ सिलिंडरचं इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि तेही आडवं बसवलेलं. मिउरा बघून हिशेब आठवत नाही, धाडस आठवतं. मला विचाराल तर ती ई-टाइपपेक्षा सुंदर आहे, पण रोज चालवायला कुणी फुकट दिली तरी मी विचार करीन.

हाताला काय कळतं

चांगलं दिसण्यावर एखादी गाडी संग्रहालयात जाते. लोक ती साठ वर्षं चालवत राहतात त्याचं कारण हातापायांत असतं.

ई-टाइपच्या स्टिअरिंगला पॉवर नाही. चाक आणि हात यांच्यामध्ये काही दांडे, सांधे आणि दातेरी पट्टी आहे, मोटर नाही. पतंग उडवताना वर वारा कसा आहे हे मांजा बोटाला सांगतो, तसा रस्ता या स्टिअरिंगमधून तळहाताला कळत राहतो. टायर घसरायच्या बेतात आला की स्टिअरिंग हलकं पडतं, आणि चालकाला ते डोळ्यांच्या आधी हाताला समजतं. आजच्या गाडीत ही बातमी मोटर आणि सॉफ्टवेअर मधल्या मध्ये गाळून टाकतात. ते वाईट हेतूने नाही, खड्ड्यांच्या रस्त्यावर तासनतास गाडी चालवणाऱ्याला ती नकोच असते.

टायरचा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे आणि त्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. त्या काळचे टायर अरुंद आणि उंच. त्यांची पकड कमी, पण ती सुटायची हळूहळू, आधी सांगून. वळणावर ताशी साठ-सत्तर किलोमीटरलाच गाडी थोडी सरकते, चालक स्टिअरिंग जरासं सोडतो, ॲक्सिलरेटर सांभाळतो आणि गाडी पुन्हा ओळीवर येते. आजच्या रुंद टायरची पकड इतकी जबर असते की ती सुटण्याइतकं जोरात जायचं तर सार्वजनिक रस्त्यावर जाता येत नाही, आणि सुटते तेव्हा एकदम सुटते. म्हणजे नवी स्पोर्ट्स कार कायद्यात राहून चालवली तर तिला काही कष्टच पडत नाहीत आणि चालवणाऱ्यालाही नाहीत. जुनी गाडी मात्र साध्या वेगातही माणसाला कामाला लावते. साठच्या दशकातल्या गाडीत जी मजा येते म्हणतात, तिचा मोठा वाटा मला या कमी पकडीत दिसतो.

या बाबतीत ई-टाइपपेक्षाही सरस मानली जाते ती १९६२ सालची लोटस एलान. कॉलिन चॅपमन या इंजिनिअरला वजनाचा तिटकारा होता. पाठीच्या कण्यासारखी एकच लोखंडी चॅसी, वर फायबर ग्लासची बॉडी, आणि सगळी मिळून गाडी सातशे किलोच्या आत. ताकद फक्त १.६ लिटरच्या इंजिनाची, पण ओढायलाच काही नाही म्हटल्यावर तेवढी पुरे. मॅक्लारेन एफ १ ही नव्वदच्या दशकातली सर्वांत वेगवान गाडी ज्यांनी केली ते गॉर्डन मरे एलानच्या स्टिअरिंगचं कौतुक करताना थकत नाहीत. जपानच्या माझदाने १९८९ साली एमएक्स-५ काढली तीही एलान समोर ठेवून.

कार्ब्युरेटरचंही सांगायला हवं. आज इंजिनात किती पेट्रोल सोडायचं हे कॉम्प्युटर दर क्षणी ठरवतो. कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद जागेतून वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि पेट्रोल आपोआप ओढलं जातं. सकाळी थंडीत चोक ओढायचा, गाडी तापली की परत सारायचा. तीन कार्ब्युरेटर असले की तिघांनी सारखीच हवा घ्यायला हवी, नाहीतर गाडी मिसिंग करते. जुने मेकॅनिक रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरत. सुस्कारा तिन्हीकडे सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवत बसायचं. हौस असलेल्याला यात रविवारची सकाळ छान जाते. सोमवारी आठची मीटिंग असलेल्याला हे परवडत नाही, आणि म्हणूनच जगातल्या बहुतेक ई-टाइप फक्त रविवारी बाहेर पडतात.

दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या गाड्यांच्या सीटवर उंच माणसाची पाठ मोडायची. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता, म्हणजे गाडी चालत असताना तो टाकला की दातांचा आवाज आख्ख्या गल्लीला ऐकू जाई. १९६४ साली ४.२ लिटरचं इंजिन आलं तेव्हा गिअरबॉक्स, सीट आणि ब्रेकचा जोर या तिन्ही तक्रारी बऱ्यापैकी मिटल्या. शहाणे घेणारे म्हणूनच तिच्या मागे असतात.

घरच्या गाडीचे सुटे भाग

फेरारी-लॅम्बोर्गिनीच्या चर्चेत एक गोष्ट हरवते. साठच्या दशकात रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्पोर्ट्स कार साध्या घरगुती गाड्यांच्या पोटातून निघालेल्या होत्या. यातल्या दोन गाड्यांचे नातेवाईक आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत.

एमजी बी ही १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं चाललेली, पाच लाखांहून जास्त खपलेली दोन सीटची गाडी. तिचं १.८ लिटरचं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीज घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या ॲम्बॅसडरमध्ये वर्षानुवर्षं होतं, आणि एमजी बीच्या आधीची एमजी ए सुरुवातीला त्याच १४८९ सीसीवर पळत होती. म्हणजे कलेक्टरसाहेबांच्या लाल दिव्याच्या गाडीत आणि कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर टप उघडून फिरणाऱ्या गाडीत धडधडणारं काळीज एकाच कुळातलं.

दुसरी ट्रायम्फ स्पिटफायर, तीही १९६२ ची. हिच्या खाली होती ट्रायम्फ हेराल्डची चॅसी, आखूड केलेली. हीच हेराल्ड १९६१ पासून मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनत होती. हेराल्डचं सगळं पुढचं तोंड, मडगार्डांसकट, पुढच्या बाजूला उलटायचं हे ज्यांनी पाहिलं असेल त्यांना स्पिटफायर आणि ई-टाइपचं बॉनेट उघडताना बघून नवल वाटणार नाही. तिघींची तऱ्हा तीच. हेराल्ड आणि स्पिटफायर या दोघींचा आकारही एकाच माणसाचा, जिओव्हानी मिकेलोत्ती यांचा.

हा तपशील केवळ गमतीचा नाही. घरच्या गाडीचे भाग वापरल्यामुळे या स्पोर्ट्स कार स्वस्त पडल्या, नोकरीला नव्याने लागलेल्या तरुणाला घेता आल्या. आणि त्याच कारणाने त्या जगल्या. लाखोंनी बनलेल्या इंजिनाचे स्पेअर पार्ट मिळत राहतात, नाही मिळाले तर कुणीतरी बनवतो. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी मूळ साच्यांतून एमजी बीची कोरी बॉडी काढून विकते. गंजलेली गाडी आणायची, तिचं इंजिन-गिअरबॉक्स उचलून नव्या पत्र्यात ठेवायचं. इतकी सोय तर आपल्याला दहा वर्षं जुन्या मोबाइलसाठी मिळत नाही.

नियम आले, आणि यायलाच हवे होते

१९६५ साली राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाने गाडी कंपन्यांच्या बेफिकिरीवर एक पुस्तक लिहून खळबळ उडवली. १९६६ साली अमेरिकेने वाहन-सुरक्षेचा कायदा केला आणि १ जानेवारी १९६८ पासून नव्या गाड्यांना सुरक्षेचे नियम लागू झाले. धुराचे नियमही त्याच सुमारास कडक होऊ लागले. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच असल्याने इंग्लंडमधल्या कारखान्यांना निमूट बदलावं लागलं. ई-टाइपच्या हेडलाइटवरच्या तिरक्या काचा गेल्या. डॅशबोर्डवरचे टोकदार खटके गेले आणि चपटी बटणं आली. अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे तीन कार्ब्युरेटर दोनवर आले. १९७४ साली एमजी बीला जाड काळे रबरी बंपर लागले आणि हेडलाइटच्या उंचीच्या नियमासाठी गाडी जमिनीपासून वर उचलली गेली. चेहराही बिघडला, वळणावरची चालही. तोवर १९७३ चं तेलसंकट येऊन गेलं होतं.

चाहते या नियमांच्या नावाने बोटं मोडतात. मला त्यात सामील व्हायचं नाही. १९६६ साली ब्रिटनमध्ये रस्त्यांवर ७,९८५ माणसं मेली. आज तिथे गाड्या कितीतरी पटींनी जास्त आहेत आणि वर्षाला मरणारी माणसं दोन हजारांच्या खाली आहेत. ई-टाइपचं स्टिअरिंग लाकडी, त्याच्या मागे लोखंडी दांडा थेट छातीच्या रोखाने. काचेभोवतीचे खांब बोटभर जाड, म्हणून चालकाला बाहेरचं सुरेख दिसतं, आणि गाडी उलटली तर छप्पर तोलून धरायला फारसं काही नसतं.

आज तसंच नाक का करता येत नाही याचं उत्तरही इथेच आहे. युरोपात पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम आल्यापासून बॉनेटचा पत्रा आणि खालचं कडक इंजिन यांच्यात मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे आपटलेल्या माणसाचं डोकं पत्र्यात दबेल, लोखंडावर फुटणार नाही. त्यापायी नाक उंच झालं. उंच नाकाला शोभायला बाजू उंच झाल्या, बाजूंना शोभायला चाकं मोठी. एअरबॅग, दारांतले लोखंडी पट्टे, आवाज अडवणारे थर या सगळ्यांचं वजन वेगळंच. ई-टाइप साधारण १२०० किलोची होती. तिची वारस म्हणून २०१३ साली आलेली जॅग्वार एफ-टाइप, ॲल्युमिनियमची असूनही, तिच्यापेक्षा काही शे किलोंनी जड.

पोर्शेची ९११ या सगळ्यातून सहीसलामत सुटली, तिचं वेगळं कौतुक. १९६३ साली ती ९०१ म्हणून आली. मधल्या शून्याच्या नावावर फ्रान्सच्या प्यूजोने हक्क सांगितला म्हणून ९११ झाली, आणि दर नियमाबरोबर थोडीथोडी बदलत अजून विकली जाते आहे.

हौसेचा बाजार

बाजारात या गाड्यांचे दोन निराळे भाव आहेत. फेरारी २५० जीटीओ १९६२ ते ६४ मध्ये ३६ च बनल्या. त्यांतली एक २०१८ साली लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली. तिथे मोटारीचा काही संबंध उरलेला नाही, ती भिंतीवर न लावता येणारी चित्रं आहेत. ई-टाइप मात्र ७२ हजारांहून जास्त बनल्या, त्यामुळे तिचा भाव गाडीगणिक बदलतो. सर्वांत महाग कोणती? तर पहिल्या काही महिन्यांतली, जिच्या बॉनेटचे खटके बाहेरून किल्लीने उघडावे लागतात आणि जिच्या तळाला पाय ठेवायला खोलगट जागाच नाही. पुढे कंपनीने या अडचणी दूर केल्या. संग्राहक मात्र अडचणीच्याच गाडीला जास्त पैसे देतात, कारण ती कमी आहे.

भाव ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे नंबर. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स आणि बॉडीवरचे नंबर कारखान्याच्या नोंदीशी जुळले तर गाडी ओरिजिनल. इंजिन बदललेलं असेल तर गाडी कितीही गोड पळो, किंमत घसरते. चालवायलाच घ्यायची असेल त्याने याचा फायदा उठवावा.

आपल्याकडे २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या खाजगी गाड्यांची ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या नंबरमालिकेत विंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. साठच्या दशकातली प्रत्येक गाडी आता वयाच्या या अटीत बसते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच.

शेवटचा वाद विजेचा. २०१४ साली जॅग्वारनेच, १९६३ मध्ये ठरवलेल्या १८ पैकी न बनलेल्या सहा हलक्या ई-टाइप जुन्या चॅसी नंबरांवर नव्याने बांधल्या, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. पण २०१७ मध्ये कंपनीने इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवलेली ई-टाइप झीरो दाखवली. पुढच्या वर्षी इंग्लंडचा राजपुत्र हॅरी लग्नानंतर तिच्यातूनच फिरला, आणि जुने चाहते कळवळले. मला स्वतःला त्यात पाप दिसत नाही. स्टिअरिंग, काच, नाकाचा तो उतार तसेच राहतात. गिअर आणि कार्ब्युरेटरचा सुस्कारा जातो. बॅटरीचा ठोकळा जुन्या इंजिनाच्याच मापाचा आणि तेवढ्याच वजनाचा केला आहे, म्हणजे उद्या वाटलं तर इंजिन परत बसवता येईल. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवाही असा बदल करणाऱ्यांना तेच सांगते की तो उलटवता येण्यासारखा ठेवा आणि काढलेले भाग जपा. तेव्हा कुणी विजेवर केलेली ई-टाइप विकायला आणली, तर पहिला प्रश्न बॅटरीचा विचारू नये. काढलेलं इंजिन कुठे ठेवलंय, ते विचारावं, आणि त्यावरचा नंबर स्वतः वाचून घ्यावा.